माणिकबागेतील शयनगृह

राजवाडा म्हटला म्हणजे डोळ्यांपुढे उभा राहतो तो दिवाणखाना. लोड-तक्क्यांची बैठक, हंड्या-झुंबरे, भिंतीवरील पूर्वजांच्या तसबिरी आणि मानाप्रमाणे ठरलेल्या जागा, हा सारा थाट लोकांनी पाहावा म्हणूनच मांडलेला असतो. शयनगृहाची गोष्ट निराळी. तेथे दरबार भरत नाही, नजराणे येत नाहीत. म्हणूनच एखाद्या राजाने आपले शयनगृह कसे सजविले, यावरून तो राजा कोण होता याहून तो माणूस कोण होऊ पाहत होता, हे अधिक कळते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी वयाच्या पंचविशीच्या आत उभारलेल्या माणिकबाग राजवाड्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

इंदुरात होळकर घराण्याच्या तीन वास्तू तीन काळांची साक्ष देतात. शहराच्या मध्यभागी असलेला सातमजली जुना राजवाडा ही पहिली. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. चौक, सोपे, देवघर आणि माणसांची अखंड वर्दळ असलेल्या अशा वाड्यात एकट्या तरुणाची अशी खोली क्वचितच असे. पलंग आज येथे तर उद्या तेथे, आणि दाराशी हुजरे कायमचे. दुसरी वास्तू लालबाग. १८८६ मध्ये सुरू झालेले तिचे बांधकाम १९२१ पर्यंत चालले. तिच्या फाटकाला लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाचा नमुना घेतला आहे आणि आतील दालनांत युरोपातील जुन्या सरंजामी वैभवाचे अनुकरण आहे. एका वास्तूत मराठी परंपरा, दुसरीत परक्या साम्राज्याची परंपरा. माणिकबाग ही तिसरी वास्तू, आणि तिने या दोहोंकडेही पाठ फिरविली.

यशवंतरावांचा जन्म १९०८ सालचा. मुंबईतील बावला खून प्रकरणाच्या गदारोळानंतर त्यांचे वडील तुकोजीराव तिसरे यांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली आणि सतरा वर्षांचा मुलगा राजा झाला. त्याचे शिक्षण इंग्लंडात, चार्टरहाउस आणि पुढे ऑक्सफर्ड येथे झाले. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले ते १९३० मध्ये. वडिलांना ज्या वातावरणात पायउतार व्हावे लागले त्याच्याशी आपला काही संबंध नाही, आपण नव्या युगाचे आहोत, असे या उंच, सडपातळ तरुणाला वाटले असल्यास नवल नाही. कागलच्या घाटगे घराण्यातील त्याची पत्नी संयोगिताबाई हिलाही हीच आवड होती. पॅरिसमधील चित्रकार, शिल्पकार आणि कारागीर यांची दालने दोघांनी मिळून पाहिली. त्या वाटेवर त्यांना फ्रेंच लेखक व कलासंग्राहकांचा सल्लागार आंरी-पिएर रोशे याचे साहाय्य लाभले.

वास्तुकार निवडला तोही तरुणच. बर्लिनचा एकार्ट मुथेसियुस १९०४ साली जन्मलेला, म्हणजे महाराजांहून अवघा चार वर्षांनी मोठा. त्याचे वडील हेर्मान मुथेसियुस हे इंग्रजी घरबांधणीवरील मोठ्या ग्रंथाचे कर्ते आणि १९०७ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन कारागीर-कारखानदार संघाच्या संस्थापकांपैकी एक. वस्तू जिच्यासाठी आहे ते काम तिने नीट करावे, ज्या द्रव्याची ती घडली ते लपवू नये आणि नक्षीने दोष झाकू नयेत, हा त्या मंडळींचा आग्रह होता. एकार्ट त्याच संस्कारांत वाढला होता. १९३० पासून सुमारे तीन वर्षे माणिकबागेचे काम चालले. खिडक्यांच्या धातूच्या चौकटी, दिवे, दारांच्या मुठी, सामानसुमान असे पुष्कळसे साहित्य युरोपात तयार होऊन जहाजाने मुंबईस व तेथून इंदुरास आले. माळव्याच्या उन्हाळ्याचा विचार करून हवा थंड करण्याची यंत्रसामग्रीही बसविण्यात आली. त्या काळी हिंदुस्थानात ती फार थोड्या घरांत होती.

या राजवाड्याच्या शयनगृहात जुन्या अर्थाने राजेशाही असे काहीच नव्हते. महाराजांचा पलंग पॅरिसच्या लुई सोग्नो आणि शार्लोत आलिक्स यांनी घडविलेला होता. सागवानाचे कोरीव खांब नाहीत, चांदीचा पत्रा नाही, वर छत नाही. धातू आणि काच एवढीच त्याची सामग्री. पलंगाची शोभा त्याच्या सरळ रेषेत आणि पृष्ठभागावर खेळणाऱ्या प्रकाशात होती. इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स याने आखलेल्या गालिच्यांवर वेलबुट्टी नव्हती, भूमितीच्या आकृत्या होत्या. खासगी दालनांसाठी आयलीन ग्रे हिची एक आरामखुर्चीही घेतली होती. आगबोटीच्या डेकवर प्रवासी ज्या घडीच्या खुर्च्यांवर पहुडतात त्यांच्यावरून ती सुचलेली. लाकडी चौकटीत झोळीसारखी बैठक टांगावी, एवढीच तिची कल्पना.

दिव्यांकडे मुथेसियुसने विशेष लक्ष दिले. झुंबर हे दालनाचे भूषण खरे, पण त्याच्या उजेडात निवांत वाचता येत नाही. जेथे माणूस बसतो तेथे त्याच्या हाताशी प्रकाश हवा, या विचाराने ग्रंथालयासाठी त्याने ज्या लाल आरामखुर्च्या केल्या त्यांच्या पाठीतच दिवे बसविले. येथे प्रश्न केवळ सजावटीचा नव्हता. बैठकीवर मांडी घालून बसणारा राजा समोरच्या मंडळींसाठी बसतो. पाठीशी दिवा असलेल्या खुर्चीत पुस्तक घेऊन पहुडलेला तरुण स्वतःसाठी बसलेला असतो. सामान बदलले की देहाची ठेवण बदलते, आणि ठेवण बदलली की माणसाची स्वतःविषयीची समजूतही हळूहळू बदलते.

मात्र ही समजूत एकसंध नव्हती. बेर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन चित्रे काढली. १९२९ च्या चित्रात ते युरोपीय सायंपोशाखात उभे आहेत. चारपाच वर्षांनी काढलेल्या दुसऱ्या चित्रात मराठी पोशाखात, रत्नहार घालून ते गादीवर बसले आहेत. दोन्ही चित्रे खरी आहेत. काचेच्या पलंगावरून सकाळी उठणाऱ्या या माणसाला दसऱ्याला मल्हारराव आणि अहिल्याबाई यांच्या गादीचा वारस म्हणून मिरवावेच लागे. आधुनिकता त्याने निवडली होती, गादी त्याला वारशाने आली होती. पण त्या निवडीचा खर्चही गादीनेच पुरविला, हे विसरता येत नाही. संस्थानाच्या उत्पन्नात माळव्यातील शेतकऱ्याच्या साऱ्याचा वाटा मोठा होता, आणि माणिकबाग बांधली जात होती ती वर्षे जागतिक मंदीची होती. साध्या रेषांचा तो पलंग दिसावयास साधा होता. तो परवडणे ही साधी गोष्ट नव्हती.

माणिकबागेचे सुखही अल्पायुषी ठरले. राजवाडा पुरा होऊन चारपाच वर्षे होतात तोच, १९३७ मध्ये, संयोगिताबाईंचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. यशवंतरावांनी शिल्पकार ब्रांकूशी याच्या ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन शिल्पे घेतली होती, आणि ती जेथे ठेवावी असे एक ध्यानमंदिर इंदुरात उभारण्याची योजना होती. १९३८ च्या आरंभी ब्रांकूशी स्वतः इंदुरास आला. पण मंदिर उभे राहिलेच नाही. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९६१ मध्ये यशवंतरावांचे मुंबईत निधन झाले.

पुढची हकीकत वस्तूंची आहे. काळ्या व पांढऱ्या संगमरवराचे दोन पक्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात कॅनबेरास गेले, तर ब्राँझचा पक्षी अमेरिकेत. मे १९८० मध्ये माणिकबागेतील सामानाचा मोनाको येथे लिलाव झाला आणि खुर्च्या, दिवे, गालिचे जगभरच्या संग्राहकांनी वाटून घेतले. ज्या वस्तू एका तरुणाने झोपण्यासाठी, वाचण्यासाठी, बसण्यासाठी करवून घेतल्या होत्या, त्यांवर आता कोणी झोपत नाही की बसत नाही. २०१९ मध्ये पॅरिसच्या शोभाकला संग्रहालयाने या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा त्या पुन्हा काही महिने एकमेकींच्या शेजारी आल्या. इंदुरातील वास्तूत मात्र केंद्र शासनाच्या कर खात्याचे कार्यालय थाटले गेले. जी इमारत एकेकाळी प्रजेच्या साऱ्यातून उभी राहिली, तिच्यात प्रजासत्ताकाच्या कराचा हिशेब होऊ लागला, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकास नजरेआड करता येणार नाही.

भिंती एका ठिकाणी आणि सामान दुसऱ्या ठिकाणी गेले, म्हणजे खोली उरत नाही. जुना राजवाडा १९८४ च्या आगीत होरपळला, तरी लोकांच्या आठवणीत तो होळकरांचा वाडाच राहिला, कारण त्याच्या चौकात शहराचे सणवार, मिरवणुका आणि गाऱ्हाणी यांना जागा होती. माणिकबागेचे शयनगृह एका माणसासाठी होते. तो माणूस गेला आणि ते विखुरले. त्यातील विचार मात्र विखुरला नाही. बसणाऱ्याच्या हाताशी प्रकाश असावा, वस्तूने आपले काम करावे, द्रव्याने आपले रूप लपवू नये, या गोष्टींसाठी राजा असावे लागत नाही. भाड्याच्या एका खोलीत खिडकीपाशी टेबल सरकवून त्यावर दिवा ठेवणारा विद्यार्थी त्याच विचाराने चालत असतो. १९३० मध्ये जे केवळ महाराजांना साधले ते आज अनेकांच्या आवाक्यात आले आहे, आणि माणिकबागेच्या कारागिरांनी ज्या साधेपणाचा ध्यास घेतला होता, त्याचे खरे स्थान कदाचित तेथेच आहे.