शेंद्र्याची जमीन आणि तिची मापं

शेंद्रा छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, जालना रस्त्यावर आहे. १६१० मध्ये जवळच खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरने जमिनीचा कस पाहून सारा ठरवला. पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत मुर्शिद कुली खान याने तोडरमलाच्या धर्तीवर दख्खनेत मोजणी सुरू केली. तेव्हा माप बिघ्याचं होतं.

एकर-गुंठे आले ते मुंबई इलाख्याच्या पद्धतीतून. निजामाच्या राज्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मराठवाड्यात उचलली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. पण या पद्धतीचा खरा मोठेपणा प्रतबंदीत होता. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या अहवालाप्रमाणे शेतात खणून मातीची खोली व रंग पाहत, आणि वाळू, चुनखडी, उतार असे दोष मांडून प्रत खाली आणत. उत्तम जमीन सोळा आणे, बाकीची त्याहून कमी. त्यामुळे सारख्या क्षेत्राच्या दोन शेतांचा सारा वेगळा निघे, आणि तसाच निघायला हवा.

आजच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठ्याच्या अगदी जवळ. लागवडीला निरुपयोगी भाग तिथे पोटखराबा म्हणून वेगळा दाखवतात. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यातल्या ऑरिक औद्योगिक शहरात मात्र, सुमारे दहा हजार एकरांवर, भूखंड चौरस मीटरने दिले जातात. मातीची प्रत तिथे विचारात येत नाही. रस्ता, पाणी, वीज येतात.

संगणकी जगांनी हीच वाट शेवटापर्यंत नेली. २००३ साली खुल्या झालेल्या सेकंड लाइफमध्ये एक प्रदेश २५६ मीटर लांब, तितकाच रुंद, म्हणजे सुमारे सव्वासोळा एकर. डिसेंट्रालँड या अशाच दुसऱ्या जगातला जमिनीचा तुकडा आधी १० मीटर बाजूचा, बरोबर एक आर, होता; पुढे तो १६ मीटरचा झाला. क्षेत्र अडीचपट वाढलं, पण कुणाचा बांध सरकला नाही, की हद्दीचा दगड उखडला नाही. तिथे पोटखराबा नाही. तुकड्यांच्या भावात फरक पडतो तो चौक आणि रस्ता किती जवळ आहे यावरून.