सातशे व्होल्टांची वंशावळ

साताऱ्यात किंवा सांगलीत दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेला चार्जर उघडला, की मेकॅनिक मीटरची टोकं आधी तीन पायांच्या एका काळ्या तुकड्यावर लावतो. जुन्या चार्जरात आणि सीएफएल दिव्यात त्या तुकड्यावर १३००१ किंवा १३००३ असा आकडा असतो. २३० व्होल्टांच्या मेनमधून पाच-बारा व्होल्ट काढायचे, तर पहिला मारा यानेच झेलायचा. म्हणून शॉर्टही बहुधा हाच होतो.

हा तुकडा म्हणजे ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याकडे आधी रेडिओ आठवतो. पण १९४७ साली बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या ट्रान्झिस्टरची रेडिओतली शाखा चार-सहा सेलवर सुखात राहिली. शेकडो व्होल्ट सोसायची सवय लागली ती टीव्हीत. पडद्यावरचा किरण सेकंदाला १५,६२५ ओळी आखतो आणि प्रत्येक ओळ संपली की त्याला झटकन मागे आणावं लागतं. त्यासाठी कॉइलमधला प्रवाह एकदम तोडतात. विहिरीवरच्या पंपाचा व्हॉल्व्ह अचानक बंद केला की पाइपात दणका बसतो, तसाच दणका कॉइलही देते, तोही हजार व्होल्टांच्या घरातला. आधी हे काम काचेचे व्हॉल्व्ह करत. मग १५०० व्होल्ट झेलणारा बीयू२०८ आला आणि मुंबई दूरदर्शन (१९७२), सिंहगडावरचं पुण्याचं केंद्र (१९७३), मग १९८२ चा रंगीत टीव्ही या वाटेने आलेल्या पिढीतल्या मेकॅनिकांना ‘लाइन आउटपुट’ हा शब्द पाठ झाला.

दुसरं घराणं पॉवर सप्लायचं. बॅटरी एलिमिनेटर म्हणजे लोखंडी ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक फुगीर कपॅसिटर. मोठ्या सप्लायला जोडीला २एन३०५५ ट्रान्झिस्टर. जादा व्होल्ट उष्णता होऊन जायचे. १९७७ च्या ॲपल २ संगणकात रॉड होल्ट यांनी प्रवाह झपाट्याने तोडत-जोडत चालणारा स्विचिंग सप्लाय बसवला आणि वजन व उष्णता दोन्ही उतरली. मोटोरोलाच्या एमजेई १३००० मालिकेने टीव्हीतली ही ताकद छोट्या सप्लायपर्यंत आणली. १३००३ दीड अँपिअरचा, १३००५ चार, १३००७ आठ. व्होल्ट मात्र तिघांनाही तेच: ७०० आणि ४००.

७०० च का? २३० व्होल्ट एसी डायोडमधून गेली, की कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी साठतात. मेन २५३ वर चढली, तर ३५८. ट्रान्झिस्टर बंद होताच चॉपर ट्रान्सफॉर्मरकडून शंभरेक व्होल्ट उलटे येतात, वर गळतीचा टोकदार झटका. बेरीज सहाशेच्या आसपास जाते. शंभर व्होल्टांची उसंत धरून ७००. पण हा आकडा बेस, म्हणजे ट्रान्झिस्टरला चालू-बंद करणारा पाय, नीट ओढून धरला असतानाचा. बेस मोकळा राहिला, तर गळतीचा प्रवाह ट्रान्झिस्टर स्वतःच वाढवतो आणि सहनशक्ती ४०० वर येते. म्हणून बेसभोवतीचा एखादा रेझिस्टर ओपन झाला असेल, तर नवा ट्रान्झिस्टरही तासाभरात जातो. त्याच्या जागी मोठा १३००७ टाकणं हाही उपाय नव्हे. त्याच्या बेसला जास्त प्रवाह लागतो, तो न मिळाल्यास तो अर्धवट चालू राहून तापतो.

हा हिशेब आपल्या लाइनवर आणून पाहिला पाहिजे. १,९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचं धरण सातारा जिल्ह्यात आहे, पण लांब फीडरच्या शेवटच्या वस्तीवर पोहोचणारं व्होल्टेज धरणावर नाही, तारेच्या लांबीवर आणि वाटेतल्या पंपांवर ठरतं. जत, तासगाव, माण, खटाव भागात द्राक्षबागा आणि ऊस भिजवणारे पंप चालू असताना ते खाली येतं. १५० व्होल्टांवर तेवढेच वॉट द्यायला ट्रान्झिस्टरला सुमारे दीडपट प्रवाह द्यावा लागतो. रात्री पंप बंद झाले, की तेच व्होल्टेज वर चढतं. म्हणून इथे ट्रान्झिस्टर निवडताना प्रवाह खालच्या टोकाला मोजायचा आणि व्होल्ट वरच्या टोकाला.

पुढच्या पिढ्यांनी बेसचं दुखणं काढून टाकलं. मॉसफेटला गेटवर व्होल्ट पुरतात. १९९४ मध्ये पॉवर इंटिग्रेशन्सच्या टॉपस्विचने ७०० व्होल्टांचा मॉसफेट आणि त्याचा मेंदू एकाच चिपमध्ये बसवला. डीव्हीडी प्लेअरांमुळे ओळखीचा झालेला व्हायपर२२ए ७३० व्होल्टांचा. आता गॅलियम नायट्राइडचे चार्जर आले आहेत. स्विच जलद झाल्याने ट्रान्सफॉर्मर आणखी लहान झाला.

न्यूट्रल तुटल्यावर मात्र यातलं कुणीच फारसं टिकत नाही. दोन फेजांमधले ४१५ व्होल्ट सिंगल फेजच्या यंत्रावर आले, तर डीसी ५८७ होते. ४०० व्होल्टांचा कपॅसिटर फुगतो आणि ट्रान्झिस्टरवरची बेरीज ७०० ओलांडते. तिथे फ्यूज आणि जादा व्होल्ट स्वतःवर घेणारा एमओव्ही हवेत. स्वस्त चार्जरात पहिली काटछाट होते ती नेमकी याच दोन वस्तूंवर, त्यामुळे निव्वळ ट्रान्झिस्टर बदलून दिलेली दुरुस्ती पुढच्या तुटलेल्या न्यूट्रलपर्यंतच टिकते.