ऋतुमानाप्रमाणे चहा : आले आधी, दूध नंतर

पुण्याच्या दक्षिण वेशीवरील कात्रजची ओळख तीन गोष्टींनी होते : पेशवेकालीन तलाव, साताऱ्याकडे जाणारा घाट आणि दूध. १९६० मध्ये स्थापन झालेल्या पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचे दूध याच गावाच्या नावाने घरोघरी पोहोचते. पावसाळ्यात घाटाकडे निघालेल्यांना आले घातलेला कडक चहा हवा असतो. तोच चहा वैशाखात नकोसा होतो. या बदलामागे जिभेच्या आवडीइतकेच ऋतुमानही आहे.

चहा हे पेय आपल्याकडे तसे नवे. १९३० च्या दशकात आसामात विकसित झालेल्या सीटीसी पद्धतीच्या दाणेदार, कडक चहाने पुढे घराघरांत जम बसवला. ऋतुचर्येचा विचार मात्र फार जुना. चरकसंहिता आणि अष्टांगहृदय या ग्रंथांत सहा ऋतूंचा आहार सांगितला आहे. मराठी स्वयंपाकघराने या नव्या पेयाला जुन्या विचाराची जोड दिली.

वर्षा : या ऋतूत भूक मंदावते, म्हणून आले. गवती चहाचे बेटही याच दिवसांत फोफावते. दोन कपांना दोन-तीन पाती पुरेत. पातीचा लिंबासारखा गंध सिट्रल या द्रव्याचा असतो. त्यात लिंबाचा आंबटपणा नसल्याने दूध नासत नाही.

शरद : आश्विनातील उन्हात पित्त वाढते, असे आयुर्वेद मानतो. तेव्हा आले कमी करून वेलदोडा किंवा थोडी बडीशेप घालावी.

हेमंत व शिशिर : थंडीत सुंठ, मिरी, दालचिनी, लवंग आणि किंचित जायफळ. नवा गूळ याच सुमारास बाजारात येतो. मात्र उकळत्या चहात गूळ घातल्यास दूध फाटण्याची भीती असते. चहा खाली उतरवल्यावरच तो विरघळवावा.

वसंत : कफाचा ऋतू. तुळशीची पाने आणि चिमूटभर सुंठ चालते. गरम चहात मध घालण्याची अलीकडची पद्धत आयुर्वेदाला मान्य नाही. मध तापवणे तो निषिद्ध मानतो.

ग्रीष्म : दुधाचा चहा कमी करावा. कोरा, पातळ चहा गार करून त्यात पुदिना व लिंबू घातल्यास तो सुसह्य होतो.

या सर्व मिश्रणांत सर्वाधिक फसगत होते ती आल्याच्या चहात. दूध ताजे असूनही चहा फाटतो आणि दोष दुधाला दिला जातो. वास्तविक ओल्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते. कोमट दुधात कच्चे आले पडले की ते दुधातील प्रथिनांवर काम करू लागते. उकळीच्या उष्णतेने हे विकर निष्प्रभ होते. म्हणून ठेचलेले आले प्रथम पाण्यात तीन-चार मिनिटे खळखळून उकळावे, मग चहापूड आणि शेवटी दूध घालावे. गवती चहा, वेलदोडा यांचा गंध उडून जाणारा असल्याने ते उशिरा घालून झाकण ठेवावे.

मसाल्याने चहा चविष्ट होतो, औषध होत नाही. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात आणि आले-तुळस घातल्याने तो अडथळा दूर होत नाही. रक्ताक्षय असणाऱ्यांनी जेवणाला लागूनच चहा घेणे टाळावे, मग ऋतू कोणताही असो.