रिमच्या रेषेखाली : गाडी खाली बसवण्याच्या प्रथेचा इतिहास

मोटारगाडी ज्या उंचीवर कारखान्यातून बाहेर पडते ती उंची ही एक तडजोड असते. खराब रस्ता, भरलेली डिकी, पाच माणसांचे वजन आणि रस्त्यात उभा असलेला उंचवटा यांचा विचार करून निर्माता चाकाला वरखाली होण्यासाठी काही जागा राखून ठेवतो. ही राखीव जागा कमी करून गाडीचा सांगाडा रस्त्याच्या जवळ आणणे, म्हणजे आजच्या गॅरेजच्या भाषेत गाडी ‘लो’ करणे, ही प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रूढ झाली आणि पुढे युरोपात तिने वेगळे वळण घेतले. तिचा इतिहास बहुधा हौसेचा आणि शैलीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु एकाच इच्छेने लॉस एंजेलिसमध्ये हायड्रॉलिक पंपाचे रूप का घेतले आणि पश्चिम जर्मनीत कागदपत्रांसह विकल्या जाणाऱ्या तयार स्प्रिंगचे रूप का घेतले, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या त्या ठिकाणच्या कायद्यात सापडते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ‘गाडी किती खाली आहे’ असे विचारले, तर जर्मनीच्या कायद्याने ‘हा बदल कोणी तपासला आहे’ असे विचारले.

हा फरक कळण्यासाठी स्प्रिंगचे गणित थोडे पाहावे लागते. गाडीचे वजन पेलणाऱ्या कॉइल स्प्रिंगचा ताठपणा, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारे बल, तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. यांपैकी जाडीचा प्रभाव चौथ्या घाताने पडतो, त्यामुळे बाकी सर्व तसेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ मिलिमीटरची केली तर ताठपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. वेढ्यांचा संबंध उलटा असतो; आठ वेढ्यांपैकी एक कापून टाकला की स्प्रिंग आखूड होते आणि त्याच वेळी सुमारे १४ टक्क्यांनी अधिक ताठही होते. गाडी खाली बसवण्याचा सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे हाच वेढा कापणे. दुसरा उपाय स्प्रिंग बसवलेली असतानाच ती गॅसच्या ज्योतीने तापवण्याचा होता; तापलेली तार नरम पडून गाडीच्या वजनाखाली दबे, परंतु पोलादाला दिलेले मूळ पाणी उतरत असल्यामुळे ती पुढे आणखी किती खचेल याचा भरवसा उरत नसे. मागच्या बाजूला पाटे असतील, तर आस आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालून गाडी खाली आणली जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये हे सर्व उपाय प्रचारात आले. युद्धावरून परतलेल्या आणि कारखान्यांत काम मिळालेल्या तरुणांच्या हातात थोडा पैसा होता, नवी गाडी मात्र आवाक्याबाहेर होती. त्यामुळे दहा-बारा वर्षे वापरलेली शेव्हरोले घेऊन ती रंगवणे, सजवणे आणि खाली बसवणे हा प्रतिष्ठेचा मार्ग ठरला. ज्यांना स्प्रिंग कापायची नसे ते डिकीत वाळूची पोती भरत. शर्यतीसाठी गाड्या हलक्या आणि वेगवान करणाऱ्या ‘हॉट रॉड’ हौशी मंडळींच्या अगदी उलट, या गाड्यांचे सौंदर्य संथपणात मानले गेले. ‘बाहितो इ स्वावेसितो’, म्हणजे खाली आणि अलगद, हा या समाजाचा स्पॅनिश वाक्प्रचार बनला, तर अशा गाडीला आणि तिच्या मालकाला ‘लोरायडर’ हे एकच नाव मिळाले. व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर संध्याकाळी गाड्यांची जी मंद फेरी चाले तिचा हेतू कोठे पोहोचण्याचा नसे. सणाच्या दिवशी गावातून बैल मिरवावेत तशी ती एक मिरवणूकच असे.

या मिरवणुकीवर १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेतील कलम २४००८ येऊन आदळले. मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीचा, चाके वगळता, कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा रस्त्याच्या अधिक जवळ असता कामा नये, असा त्याचा आशय होता. या मापामागे एक तांत्रिक तर्क दिसतो: टायरमधील हवा पूर्ण गेली तर गाडी रिमवर येते, आणि अशा वेळी रिमखाली लोंबणारा भाग थेट रस्त्याला घासून चालकाचा ताबा जाऊ शकतो. परंतु हे माप रस्त्याच्या कडेला उभ्या पोलिसाला नजरेने किंवा एका पट्टीने घेता येत असे, म्हणून प्रत्यक्षात ते कोणत्या वस्तीतील कोणती गाडी थांबवायची यासाठी हाताशी आलेले साधन ठरले, आणि त्याचा भार चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, तरुणांवर सर्वाधिक पडला.

या कायद्याला मिळालेले उत्तर विमानांच्या भंगारातून आले. दक्षिण कॅलिफोर्निया हे युद्धकाळात विमाननिर्मितीचे मोठे केंद्र होते, आणि युद्धानंतर तेथील जुन्या लष्करी सामानाच्या दुकानांत विमानांच्या हालत्या भागांसाठी बनवलेले पेस्को नावाचे हायड्रॉलिक पंप व झडपा सहज मिळत. १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये, जी पुढे ‘एक्स-सॉनिक’ या नावाने ओळखली गेली, असे पंप बसवून बटण दाबताच गाडी वर किंवा खाली होण्याची सोय केली. तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या स्प्रिंगच्या टोकाशी बसवला की गाडीला एक कायमची उंची राहतच नाही. चालताना ती कायद्यात बसते आणि थांबल्यावर जमिनीला टेकते. कायद्याने एक उंची निषिद्ध ठरवली, तर कारागिरांनी उंची हीच चल गोष्ट करून टाकली. १९५८ मध्ये बाजारात आलेली शेव्हरोले इम्पाला या कामाला विशेष सोयीची होती, कारण तिची चौकट इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखी असून चारही चाकांना कॉइल स्प्रिंग होत्या. १९६० च्या दशकातील इम्पाला ही या परंपरेची मानाची गाडी झाली ती यामुळेही. ‘इम्पीरियल्स’ क्लबचे जेसी वलादेझ यांची गुलाबांच्या चित्रांनी मढवलेली १९६४ ची इम्पाला ‘जिप्सी रोझ’ ही २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर प्रदर्शित झाली, आणि पोलिसांनी अडवायची वस्तू तोवर राष्ट्रीय वारशात जमा झाली होती. दरम्यान १९७७ मध्ये सॅन होसे येथे ‘लोरायडर’ मासिक सुरू होऊन विखुरलेल्या क्लबांना एक मुखपत्र मिळाले, तर अनेक शहरांनी संथ फेरीवरच बंदी घातली. सॅन दिएगोजवळच्या नॅशनल सिटीची १९९२ ची बंदी त्यांपैकी एक.

पश्चिम जर्मनीतील परिस्थिती निराळी होती. तेथे जलद महामार्ग होते, शर्यतींची परंपरा होती, आणि १९७६ मध्ये आलेल्या फोक्सवागन गोल्फ जीटीआयसारख्या छोट्या पण चपळ गाडीने सामान्य पगारदाराच्या हातात वेग दिला होता. गाडी खाली आणणे, जर्मनमध्ये ‘टीफरलेगुंग’, याचा उघड हेतू वळणावर गाडी कमी कलावी हा होता. वजनाचा मध्यबिंदू खाली आला की वळताना बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार कमी होतो, हे खरे. मात्र मॅकफर्सन स्ट्रट या रचनेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या दांड्यात असलेल्या रचनेत, गाडी दाबली की खालचा आडवा दांडा तिरका होतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनाच्या मध्यबिंदूपेक्षाही अधिक खाली जातो. त्यामुळे नुसती गाडी खाली आणल्याने कलण्याची प्रवृत्ती वाढूही शकते, आणि ती रोखण्यासाठी स्प्रिंग ताठ करणे भाग पडते. शिवाय चाकाचा वर जाण्याचा प्रवास कमी झाल्याने गाडी लवकर रबरी अडथळ्यावर, ज्याला बंप स्टॉप म्हणतात, आदळते.

हे सर्व हिशेब मालकावर सोडणे जर्मन कायद्याला मान्य नव्हते. तेथील रस्ता वाहतूक परवाना नियमावलीच्या कलम १९ नुसार, रस्त्यावरील इतरांना धोका संभवेल असा बदल केल्यास गाडीचा चालवण्याचा परवानाच संपुष्टात येतो. तो टिकवायचा तर बसवलेल्या भागासोबत मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचा अहवाल असावा लागतो, बसवणी टीयूव्हीसारख्या संस्थेच्या अभियंत्याने पाहावी लागते, आणि गरजेनुसार बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत करावी लागते. प्रत्येक गाडीमालकाने कापलेल्या प्रत्येक स्प्रिंगची अशी चाचणी परवडणे शक्य नव्हते. एकदा चाचणी करून हजारो नग विकणाऱ्या कारखानदाराला मात्र ती परवडत होती. कायद्याच्या या आकारातूनच तयार स्प्रिंगचा मोठा बाजार उभा राहण्यास मदत झाली. झाउअरलँड या डोंगराळ प्रदेशातील फिनेनट्रोप येथे १९५१ मध्ये सुरू झालेली आयबाख आणि जवळच्याच लेनेश्टाट येथील एच अँड आर या कंपन्या त्यात अग्रणी ठरल्या.

अशा स्प्रिंगला गाडी साधारण २५ ते ४० मिलिमीटरच खाली आणायची असते, आणि ती मूळ स्प्रिंगच्या जागी कोणतीही कापाकापी न करता बसावी लागते. तिचे वेढे पुष्कळदा असमान अंतरावर असतात; जवळचे वेढे आधी एकमेकांना टेकून निकामी होतात आणि उरलेले कमी वेढे अधिक ताठपणे भार घेतात, त्यामुळे लहान खड्ड्यावर मऊ आणि मोठ्या दाबाखाली कठीण असा दुहेरी स्वभाव तिला येतो. कारखान्यात ती तिच्या टोकाच्या मर्यादेपर्यंत दाबून घेतली जाते, म्हणजे पुढे वापरात ती खचत नाही. ज्योतीने तापवलेल्या स्प्रिंगला जो भरवसा देता येत नव्हता तोच येथे मालाचा मुख्य गुण झाला. पुढे आयबाखने कॅलिफोर्नियातील कोरोना येथेही आपली शाखा उघडली, आणि लोरायडरांच्या मूळ भूमीपासून थोड्याच अंतरावर जर्मन पद्धतीच्या स्प्रिंग मिळू लागल्या.

भारतात हा प्रश्न अधिक कठोरपणे सोडवलेला दिसतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. मुंबई-पुण्यातील हौशी मालकाला परदेशी स्प्रिंग मिळते, परंतु तिच्या पेटीतील जर्मन अहवाल प्रादेशिक परिवहन कार्यालयात त्याच्या बाजूने बोलेलच असे नाही. शिवाय भारतीय मानकानुसार बांधलेला गतिरोधकही १० सेंटिमीटर उंच असतो.

कॅलिफोर्नियात या कथेला अलीकडे एक निराळे वळण मिळाले. नॅशनल सिटीने २०२३ मध्ये आपली बंदी उठवली, आणि त्याच वर्षी संमत झालेल्या एबी ४३६ या विधेयकाने १ जानेवारी २०२४ पासून संथ फेरीवर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकार आणि कलम २४००८ ही दोन्ही काढून टाकली. ज्या मापाला चुकवण्यासाठी विमानाचे पंप गाडीत आले ते माप आता कायद्यात नाही. पंप मात्र डिकीत तसेच आहेत, क्रोमने चकाकणारे, चौकात गाडी उचलून नाचवण्यासाठी. आणि जर्मन गाडीमालकाच्या कागदपत्रांत स्प्रिंगची नोंद अजूनही आहे.