थोडक्या पैशांत पाहिलेले आपले शहर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत मी शहराच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहासाची पुस्तके मी वाचली ती मुलांच्या दप्तरातली आणि अलीकडे ग्रंथालयातून आणलेली, तीही दुपारची भांडी झाल्यावर. परंतु गेल्या हिवाळ्यात आपण चौदा जणींनी जी दोन दिवसांची सहल केली तिची कल्पना माझी होती, तेव्हा तिची हकिकतही मीच लिहावी असा सर्वांचा आग्रह पडला.

आधी एक कबुली देते. आपल्या मंडळाची सहल दरवर्षी निघते. कधी महाबळेश्वर, कधी शिर्डी-नाशिक. वर्गणी ठरते, यादी फिरते, आणि यादीपुढे काही जणींच्या नावावर दरवर्षी एकच कारण लिहिले जाते, "गुडघे दुखतात." तीन वर्षांपूर्वी मीही तेच कारण लिहिले होते. माझे गुडघे उत्तम होते. त्या महिन्यात मुलाची फी भरावयाची होती व सहलीची वर्गणी घरात मागण्याचे धैर्य झाले नाही, एवढेच. गाडी सुटताना मी खिडकीआडून पाहिली. त्या दिवसापासून यादीतील इतर गुडघ्यांविषयीही मला शंका येऊ लागली.

म्हणून मागील बैठकीत मी सुचविले, की या वेळी आधी रक्कम ठरवू आणि मग गाव. माणशी दोनशे रुपये. एवढ्यात कोठे जाता येईल? प्रथम सर्व जणी हसल्या. मग मी म्हटले, "लांबून लोक आगगाडीने, विमानाने ज्या गावी येतात त्या गावी आपण राहतो. मुक्काम आपल्याच घरी, अंथरूण आपलेच. आपल्यापैकी किती जणींनी मकबऱ्याच्या आत पाऊल टाकले आहे?" चौदांपैकी पाच हात वर झाले, आणि त्यांतील तीन शाळेच्या सहलीतले!

पहिल्या दिवशी घरचे आटोपून, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन आम्ही सिटी बसने निघालो ते भडकल दरवाजापाशी उतरलो. या दरवाजाखालून आपण रिक्षाने शंभर वेळा जातो, परंतु मान वर करून पाहत नाही. हा दरवाजा मलिक अंबरने मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ साली बांधला. हा मनुष्य मूळचा आफ्रिकेतील हबशी मुलखातला. त्याचा जन्म १५४८ च्या सुमाराचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बाजारांतून फिरत दख्खनेत आला व अहमदनगरच्या निजामशाहीतील चंगीझखानाच्या पदरी राहिला. मालक वारल्यावर त्याच्या विधवा पत्नीने या गुलामास मोकळे केले. एका बाईने मोकळा केलेला हा गुलाम पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. वेरूळच्या मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूने लढले.

खडकी नावाच्या लहान गावाचे शहर मलिक अंबरने १६१० साली वसविले. १६२६ मध्ये तो वारल्यावर त्याचा मुलगा फतेहखान याने शहरास फतेहनगर म्हटले. शहाजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा १६५३ साली औरंगाबाद झाले. २०२३ पासून आपण छत्रपती संभाजीनगर असे लिहितो. नाव कोणतेही असो, इतक्या माणसांना या खडकाळ जागी पाणी कोठून मिळावयाचे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे. मलिक अंबरने तो सोडविला. उत्तरेकडील डोंगरांच्या पोटातले पाणी जमिनीखालून भुयारी मार्गाने, उताराच्या बळावर त्याने शहरात आणले. त्यालाच नहर-ए-अंबरी म्हणतात. पंप नाही, वीज नाही, केवळ उताराचा हिशोब. पुढे आणखीही नहरी झाल्या. १९७६ साली जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले आणि पैठणचे पाणी आपल्या नळाला आले हे खरे. तरी नळाची पाळी मोजत, हंडे भरून ठेवत ज्यांनी वर्षे काढली त्या आपल्याला चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची बुद्धी लवकर कळते.

भडकल दरवाजापासून आम्ही पायी पायीच पाणचक्कीला गेलो. तेथे बाबा शाह मुसाफिर या सूफी सत्पुरुषाची दरगाह आहे. हे बाबा दूर मध्य आशियातून, बुखाऱ्याकडून आलेले. १७४४ च्या सुमारास तुर्कताजखान नावाच्या सरदाराने येथे पाण्यावर चालणारी चक्की बसविली. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून एका उंच भिंतीत चढविले आहे. तेथून ते पडते त्या जोरावर खालचे लोखंडी पात्यांचे चाक आणि त्याबरोबर वरचे जाते फिरते. येथे येणाऱ्या यात्रेकरूंना, शिष्यांना, पोरक्या मुलांना भाकरी मिळावी म्हणून हे दळण चाले. समोरच्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत आहे, म्हणून भर उन्हाळ्यातही ते दालन गार राहते.

आमच्यातील एक आजी तेथे बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी लग्नानंतर पंधरा वर्षे पहाटे उठून जाते ओढले. त्या म्हणाल्या, "अगं, पाण्याला दळण सांगता येतं हे इतक्या जुन्या लोकांना ठाऊक होतं, मग आमच्या हातांनाच का बरं सांगितलं?" त्यावर कोणालाच उत्तर सुचले नाही. वडाच्या सावलीत बसून आम्ही डबे सोडले आणि संध्याकाळी पाण्याच्या वेळेपूर्वी घरी परतलो.

दुसरा दिवस मकबऱ्याचा. खरे सांगते, लहानपणापासून मी मकबऱ्याला 'गरिबांचा ताजमहाल' असेच ऐकत आले. पुण्याची माझी नणंद एकदा म्हणाली होती, "ताज पाहिल्यावर हे काय पाहायचं?" मी गप्प बसले, जणू तो मकबरा माझ्याच माहेरचा होता.

येथे दिलरासबानू बेगम, म्हणजेच राबिया-उद-दुराणी, हिची कबर आहे. औरंगजेबाशी तिचे लग्न १६३७ साली झाले. आग्र्याचा ताजमहाल ज्या मुमताजमहलचा, ती हिची सासू. परंतु सासू सहा वर्षे आधीच, १६३१ साली, बऱ्हाणपुरास चौदाव्या बाळंतपणात वारली होती. सुनेने सासूचे तोंड सासरी पाहिलेच नाही. पुढे सून गेली तीही बाळंतपणानंतरच. १६५७ च्या सप्टेंबरात याच शहरात तिला पाचवे मूल झाले आणि महिन्याच्या आत, ऑक्टोबरात, ती गेली. एवढ्या मोठ्या बादशाही घराण्यात हकीम, दाया, औषधे कशाची उणीव असणार? तरीही दोघींची गत एकच झाली. हे मी मोठ्याने वाचून दाखविले तेव्हा आमच्या घोळक्यात कोणी बोलेना.

त्या पाचव्या मुलाचे नाव अकबर. हाच शहाजादा मोठा झाल्यावर बापाविरुद्ध उठला आणि १६८१ साली आश्रयाला आला तो छत्रपती संभाजी महाराजांकडे. ज्याच्या जन्मापायी आई या मातीत राहिली त्या मुलाला ज्यांनी आसरा दिला, त्यांचेच नाव आज या शहरास आहे. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी दोन निराळ्या धड्यांत येतात. येथे उभे राहिले म्हणजे त्या एकाच घरच्या वाटतात.

मकबरा मुलगा आझमशहा याने बांधला असे आपण सांगतो. परंतु आई वारली तेव्हा आझम अवघा चार वर्षांचा होता. म्हणून काम औरंगजेबाच्या हुकमानेच सुरू झाले असावे व आझमने पुढे त्याची निगा राखली असावी, असे अभ्यासक म्हणतात. काम १६६०-६१ च्या सुमारास झाले. मुख्य दाराच्या पितळी पत्र्यावर दोन नावे आहेत. एक अताउल्ला, हा ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. दुसरे हंसपतराय. तेव्हा सासूचे काम बापाकडे आणि सुनेचे मुलाकडे, असेच झाले म्हणावयाचे.

आता खर्चाची गोष्ट. ताजमहालास सुमारे ३ कोटी २० लाख रुपये लागले असे सांगतात. मकबऱ्यासाठी मंजुरी होती ७ लाखांची, आणि जुन्या लेखात खर्च नोंदला आहे तो ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे. म्हणजे ताजला रुपया लागला असेल तर मकबऱ्याला दोन पैसे. भगिनींनो, त्या सात आण्यांनी माझे मन जिंकले. लाखांच्या कामात ज्याने सात आणे लिहून ठेवले तो कारकून माझ्या वाणसामानाच्या वहीचा सख्खा भाऊच म्हणायचा! मी वजाबाकी करून पाहिली. मंजूर रकमेतून ३१ हजार ७९६ रुपये ९ आणे शिल्लक राहतात. घर चालविणाऱ्या बाईला विचारा, ठरल्या रकमेत काम होऊन वर शिल्लक राहणे ही केवढी गोष्ट आहे!

आणि ते कसे साधले, हे जवळून पाहावे. संगमरवर जयपूरकडील खाणींतून आणलेला. ताव्हर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून गोवळकोंड्यास जाताना संगमरवराने भरलेल्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्या, त्यांतील सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल होते. इतका महाग दगड सगळीकडे कसा परवडणार? म्हणून तो खाली, माणसाची नजर व हात पोहोचतो तेथवर लावला, आणि वर घुमटाला लावला, जो लांबून दिसतो. मधल्या भागात काळा दगड आणि त्यावर चुन्याचा असा घोटीव गिलावा, की उन्हात तोही संगमरवरासारखा चकाकतो. आपण दुसरे काय करतो? दिवाळीत पैसे कमी पडले तर दर्शनी खोलीला रंग देतो, आतल्या खोलीचे चुन्यावर भागवतो. लुगड्याचा जर काठापदराला असतो, निऱ्यांच्या आत कोणी जर भरत नाही. त्याला आपण गरिबी म्हणत नाही, टापटीप म्हणतो.

आत वरच्या सज्जातून खाली पाहिले, की अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या मध्ये तिची कबर दिसते. आम्ही चौदा जणी कठड्याला हात लावून उभ्या होतो. मनात आले, ताजची नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांनी हे दोन पैशांचे काम एकदा स्वतः करून पाहावे.

मकबऱ्यापासून रिक्षा वाटून घेऊन आम्ही लेण्यांना गेलो. वेरूळ-अजिंठ्याच्या नावापुढे आपल्या गावची ही बौद्ध लेणी कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. सहाव्या-सातव्या शतकातील ही कामे. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर माणसाएवढ्या उंचीचे स्त्री-पुरुष गुडघे टेकून, हात जोडून बसले आहेत. बायकांच्या केशरचना पाहून आमच्यातील तरुण मुली थक्क झाल्या. सातव्या लेण्यात एक नर्तकी आहे आणि तिच्या भोवती वाद्ये वाजविणाऱ्या सगळ्या स्त्रियाच. "हे पाहा, आपलेच महिला मंडळ!" असे कोणीतरी म्हणाले आणि त्या गार गुहेत आम्ही पोटभर हसलो.

लेण्यांच्या पायऱ्या बऱ्याच आहेत. दोन आजी खाली झाडाखाली बसल्या, बाकी बारा जणी वर चढल्या. दरवर्षी ज्यांच्या नावापुढे "गुडघे दुखतात" असे लिहिले जाते त्यांपैकी तिघी या बारांत होत्या, आणि त्या सर्वांच्या पुढे होत्या. नावे लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही.

हिशोब असा. मकबरा व लेणी यांची तिकिटे माणशी पंचवीस-पंचवीस रुपये, शिवाय पाणचक्कीचा प्रवेश, बस, रिक्षातील वाटा आणि दोन वेळा चहा मिळून माणशी एकशे नव्वद. जेवण घरचे. जमा दोन हजार आठशे, खर्च दोन हजार सहाशे साठ, शिल्लक एकशे चाळीस. ही शिल्लक पुढील सहलीच्या खाती जमा केली आहे. मकबऱ्याच्या शिलकेएवढी नाही, पण शिल्लक ती शिल्लक.

मंडळापुढे माझी एकच विनंती आहे. वर्षातून एक तरी सहल अशी असावी, की जिची रक्कम आपल्यातील सर्वांत ओढाताणीत असलेल्या भगिनीला विचारून ठरेल. गाव त्यानंतर ठरवू. वेरूळला एस.टी. जाते, बायकांना अर्धे तिकीट आहे. तेथील घृष्णेश्वराचे मंदिर मालोजीराजांनी सोळाव्या शतकात सावरले आणि अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी नव्याने उभारले. पुढील वर्षी त्या बाईंचे काम पाहावयास जाऊ. यादी फिरेल तेव्हा गुडघ्यांचे कारण लिहिण्याची पाळी कोणावर येऊ नये.

चूकभूल द्यावी घ्यावी.