कराची ते मुंबई : सव्वासात तास

सांगवीच्या नीरेकाठी उसाची गाडी हाकणाऱ्याला वाट आणि वेळ यांतला फरक समजावून द्यायला नको. कारखान्याची वाट दोन कोसांची, पण काट्यावर नंबर लागेपर्यंत रात्र उलटते. विमानाचेही असेच आहे म्हटले, तर तुम्हांला पटेल का? एका जुन्या खेपेचा हिशेब मांडून पाहू या.

साल १९३२. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे कराची आणि सांगवी एकाच इलाख्यात! (नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव कराचीतली एक जुनी शाळा अजून लावते, गुरुजींनी हे मुलांना जरूर सांगावे.) विलायतेचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येई. ते पुढे आणण्याचे काम टाटांनी पत्करले. १५ ऑक्टोबरला सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ नावाचे एका इंजिनाचे विमान उडवले. बरोबर टपालाची थैली, वजन सुमारे २५ किलो. विमानात रेडिओ नव्हता. वाटेत अहमदाबादला उतरले, तेव्हा पेट्रोल आले कशातून? बैलगाडीतून! दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला टेकले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासकडे निघाले.

आता फळ्यावर गणित घाला. अहमदाबादवरून अंतर सुमारे १,०३० किलोमीटर. वेग ताशी १६० धरला, तर उड्डाणाला साडेसहा तासांच्या आतबाहेर लागतात. लागले सव्वासात. उरलेला पाऊण तास बहुतेक अहमदाबादेतच, त्या बैलगाडीपाशी गेला असावा.

जुहूचे मैदान तर पावसाळ्यात पाण्याखाली जाई. मग सगळे बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळ हलवावे लागे. विमान तयार आणि उतरायला जमीन नाही, अशी गत.

१९६२ साली टाटांनी हाच प्रवास जुन्या धाटणीच्या विमानातून पुन्हा करून दाखवला. तेव्हा मधे सरहद्द आली होती, तरी वाट मिळाली.

आज सरळ रेषेत मोजले, तर हे दोन विमानतळ पावणेनऊशे किलोमीटरांवर आहेत. जेट विमानाला दीड तास पुरे. पण एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. दुबईवरून वळसा घालायचा म्हटला, तर अंतर तीन हजार किलोमीटरांच्या वर जाते, आणि दुबईत दुसऱ्या विमानाची वाट पाहावी लागते ती वेगळीच. राहता राहिले टपाल. मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणारे टपालही थांबवले.