दिलेला अंगठा परत

जुन्या खरेदीखताच्या तळाशी ‘नि. डा. अं.’ एवढंच लिहिलेलं असतं आणि शेजारी शाईचा डाग. निशाणी डाव्या अंगठ्याची. हिंगणघाट-आर्वीकडच्या कितीतरी घरांत असे कागद ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेले आहेत. अंगठ्याची ही रीत आपल्याकडे आदिकालापासून असावी असं वाटतं, पण तसं नाही. मराठेशाहीतल्या कागदांवर लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी. ती खूण त्याच्या धंद्याची होती; गावातला दुसरा कुणबीही तीच करी. अंगठा मात्र एकाच माणसाचा. अवजारावरची खूण अंगावर कशी आली, इथून माझा शोध सुरू झाला.

ठरलेलं उत्तर असं: जुलै १८५८, बंगालमधलं जंगीपूर. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याचा माल पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई यांच्याकडून करारावर अख्ख्या तळहाताचा ठसा घेतला, कारण कंत्राटदार पुढे शब्द फिरवील अशी त्याला धास्ती होती. हेन्री फॉल्ड्स यांना हे मान्य नव्हतं. जपानात काम करणाऱ्या या डॉक्टरांनी १८८० साली ‘नेचर’मध्ये ठशांवर पत्र छापलं आणि पुढे मानासाठी हर्शेलशी वर्षानुवर्षं वाद घातला. माझा कल तिसरीकडे आहे. बोटाला शाई लावून कागदावर टेकवायची ‘टिपसही’ बंगालात लोकांची स्वतःची होती. हर्शेलने ती रीत पाहिली आणि तिच्यातून माणूस ओळखायची युक्ती काढली, असं मी मानतो. तसंही पुढचं मोठं काम भारतीयांनीच केलं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरण बसवलं, नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं झालं. १८९७ साली कलकत्त्यात ठसे कार्यालय निघालं. १९०० साली हेच हेन्री पोलीस दल उभारायला दक्षिण आफ्रिकेत गेले.

इथे मला पुढचा धागा सापडला. ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ या पुस्तकात गांधीजी सांगतात की ठशांवरचं हेन्रींचं पुस्तक त्यांनी वाचलं होतं आणि कायद्याने ठसे फक्त गुन्हेगारांकडून घेतात, हे त्यांना त्यातून कळलं. ट्रान्सवालमध्ये तर प्रत्येक आशियाई माणसाला ठसे देऊन परवाना सतत जवळ बाळगायची सक्ती येत होती. ११ सप्टेंबर १९०६ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात विरोधाची शपथ झाली.

शाळेत आपण इथपर्यंतच शिकतो. खरी गोष्ट १९०८ची आहे. जानेवारीत ट्रान्सवाल सरकारातले मंत्री स्मट्स यांच्याशी तडजोड झाली: लोकांनी आपणहून नोंदणी करावी, सरकार कायदा मागे घेईल. १० फेब्रुवारीला नोंदणीसाठी निघालेल्या गांधीजींना, ही तडजोड न पटलेल्या मीर आलम या पठाणाने रस्त्यात मारहाण केली. तशा अवस्थेत, अंथरुणावरूनच, त्यांनी निबंधक चॅमने यांना कागद आणायला लावले आणि दहाही बोटांचे ठसे दिले. सक्तीने एक बोटही द्यायचं नाही आणि राजीखुशीने दहाही द्यायची, हा भेद त्यांच्या दृष्टीने जीव पणाला लावण्याइतका मोठा होता.

कायदा मागे घेतला गेला नाही, तेव्हा भारतीयांनी आपले ऐच्छिक अर्ज परत मागितले. इब्राहिम इस्माईल अस्वात या व्यापाऱ्याने त्यासाठी ट्रान्सवालच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि ती फेटाळली गेली. मग १६ ऑगस्टला हमिदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक परवाने कढईत जाळले गेले. होळीचं चित्र सगळ्यांना आठवतं, अस्वात कुणाला आठवत नाही. माझ्या मते ‘माझी माहिती मी संमतीने दिली, आता संमती काढून घेतो, परत करा’ हा दावा कोर्टात मांडणारा आपला पहिला माणूस तोच.

कायद्याचे जाणकार खासगीपणाच्या हक्काचं मूळ म्हणून वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांचा बोस्टनमधला १८९०चा लेख दाखवतील. पण त्यांची तक्रार घरात डोकावणाऱ्या वर्तमानपत्रांबद्दल होती. स्वतःच्या हाताने दिलेल्या माहितीचं पुढे काय, हा त्यांचा प्रश्न नव्हता. सुप्याची १८७५ची होळी मला अधिक जवळची वाटते. तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, कारण कागद ज्याच्या पेटीत त्याच्या हाती माणूस, हे त्यांनी सोसलं होतं. फक्त सुप्याला कागद हिसकावून घ्यावा लागला. अस्वातने तो हक्क म्हणून मागितला.

गांधीजी १९३६ साली वर्धा जिल्ह्यातल्या शेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झालं. त्याच जिल्ह्यात आज अनुदानित युरियाची गोणी घ्यायची तर कृषी केंद्रातल्या पॉस मशीनवर अंगठा ठेवावा लागतो. निंदण आणि वेचाई करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन घेत नाही, म्हणून बोट धोतराला पुसून पुन्हा ठेवायचं, मग दुसरं बोट. दुकानदार आपल्या वहीत मोबाइल नंबरही लिहून घेतो, आणि तो पुढे कुणाकुणाकडे जातो याचा पत्ता शेतकऱ्याला लागत नाही. गिऱ्हाइकावर नंबरसाठी जबरदस्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३मध्ये दुकानदारांना बजावलं, पण ती सूचनाच होती.

२०१७च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कलम ६मध्ये संमती काढून घ्यायचा हक्क दिला. अस्वातला नाकारलेली गोष्ट अखेर कायद्यात आली याचा मला खरोखर आनंद झाला. पण कलम ७ वाचलं आणि तो ओसरला. सरकारी अनुदान आणि लाभांसाठी ठरावीक अटींवर संमतीशिवाय माहिती वापरता येते, म्हणजे युरियाच्या अंगठ्यापाशी हा हक्क लंगडा पडतो. कंपनीने हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३अ २०२३च्या याच कायद्याने काढायचं ठरवलं आहे. उलट, तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर त्या माणसालाच दहा हजारांपर्यंत दंड.

या संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. एवढ्या अवधीत संसदेने दोन गोष्टी कराव्यात: भरपाईचं कलम राखावं, आणि अनुदानासाठी घेतलेला अंगठा व नंबर दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरणं सरकार आणि दुकानदार, दोघांनाही सरसकट बंद करावं.